बिझनेस, मेडिकल आणि लॉ स्कूल: एकच फाइल तिन्हीकडे चालत नाही

उंबरठा

अमेरिकेतील एका महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांना पुढच्या व्यावसायिक शिक्षणासाठी मार्गदर्शन करण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि दर वर्षी माझ्या टेबलावर येणारी एक फाइल मला आता न उघडताच ओळखता येते. तिच्यात एक चांगले गुणपत्रक असते, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे असतात, समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ व्यक्त करणारा एक निबंध असतो, आणि ती घेऊन आलेला विद्यार्थी सांगतो की मेडिकल जमले नाही तर लॉ, आणि तेही जमले नाही तर दोन वर्षांनी एमबीए. अशा विद्यार्थ्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नसते. तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या गोष्टी तपासल्या जातात, एवढे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. अनेक देशांत वैद्यक आणि कायदा हे शालेय शिक्षणानंतर थेट शिकता येतात; अमेरिकेत दोन्हींसाठी आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने १८९३ मध्ये सुरू होतानाच पदवीची अट घातली होती. पुढे अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ मेडिकल स्कूल्सची पाहणी करून १९१० मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात हॉपकिन्सचाच नमुना आदर्श मानला गेला आणि त्यानंतर कित्येक सुमार संस्था बंद पडल्या. विज्ञानाचा पाया आधी सिद्ध करा आणि मगच दारात या, ही मेडिकल स्कूल्सची वृत्ती तेव्हापासूनची आहे. लॉ स्कूलला असा कोणताही विषय आधी शिकून यावा लागत नाही; संगीताचा पदवीधरही तेथे चालतो. बिझनेस स्कूलला तर पदवीच्या विषयापेक्षा पदवीनंतर तुम्ही काय केलेत, यात अधिक रस असतो.

आता मुख्य मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते: जुने गुण तिन्हीकडे वेगवेगळ्या रीतीने मोजले जातात. लॉ स्कूलचे अर्ज ज्या एलसॅक या संस्थेमार्फत जातात, ती संस्था तुमच्या सर्व गुणपत्रकांवरून स्वतःच्या पद्धतीने जीपीए, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांची सरासरी, काढते. ए प्लसला तेथे ४.३३ मिळतात, पुन्हा दिलेल्या विषयाचे गुणपत्रकावर दिसणारे दोन्ही गुण धरले जातात, आणि पहिली पदवी हातात पडली की तो आकडा कायमचा गोठतो. पुढे एमएला तुम्ही वर्गात पहिले आलात, तरी तो दशांशानेही हलत नाही. मेडिकल स्कूल्सच्या सामायिक अर्जाची व्यवस्था, म्हणजे ॲमकास, पदवीनंतर घेतलेले पदवी पातळीवरचे विषयही मोजते, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकी व गणित यांचा जीपीए वेगळा काढते. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत घसरलेली व्यक्ती पदवीनंतर एक-दोन वर्षे विज्ञानाचे विषय उत्तम रीतीने पूर्ण करून आपली बाजू खरोखरच सावरू शकते, आणि अनेक जण तसे करतात. बिझनेस स्कूल्सना असा मध्यवर्ती हिशेबनीस नाही. ज्या त्या स्कूलमधील मंडळी गुणपत्रक स्वतः वाचतात आणि पाच वर्षांच्या दमदार नोकरीपुढे एखादे वाईट सत्र सहज विसरतात.

म्हणजे तोच घसरलेला विषय एकीकडे कायमचा डाग ठरतो, दुसरीकडे भरून काढता येणारी तूट ठरते आणि तिसरीकडे केवळ जुनी गोष्ट ठरते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला हे ठाऊक असेल, तर तो विषय सोडायचा, पुन्हा घ्यायचा की रेटून न्यायचा, याचा निर्णय तो डोळसपणे घेऊ शकतो.

प्रवेश परीक्षांचीही गत अशीच आहे. एलसॅट १२० ते १८० या पट्टीवर मोजली जाते, आणि लॉ स्कूल्स आपले आकडे जाहीर करताना उमेदवाराचे सर्वोच्च गुण धरतात, त्यामुळे पुन्हा परीक्षा देणे बहुधा फायद्याचे ठरते. एमकॅटची पट्टी ४७२ ते ५२८ आहे, विश्रांतीसह ती परीक्षा साडेसात तासांची होते, वर्षात तीनदा आणि आयुष्यात सात वेळाच देता येते, आणि आधीचे प्रयत्नही मेडिकल स्कूल्सना दिसतात. तिला 'एकदा देऊन पाहू' म्हणून बसणे हा मी पाहिलेला सर्वांत महागडा उतावळेपणा आहे. बिझनेस स्कूलच्या जीमॅटमध्ये मात्र गुण पाहून मगच ते कोणाला पाठवायचे, हे उमेदवार ठरवतो.

वेळापत्रकाविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याचे चटके बसलेली मंडळी येथे लिहितीलच. मेडिकलचा अर्ज मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी भरायचा असतो, प्रत्यक्ष शिक्षण त्याच्या पुढच्या वर्षी सुरू होते, आणि जागा जसजसे अर्ज येतील तसतशा भरत जातात. लॉ स्कूलही साधारण सप्टेंबरपासून अशाच टप्प्याटप्प्याने जागा भरते. बिझनेस स्कूल्स फेऱ्यांमध्ये अर्ज घेतात: पहिली फेरी बहुधा सप्टेंबरात, दुसरी जानेवारीच्या आरंभी आणि तिसरी वसंतात, जेव्हा फारशा जागा उरलेल्या नसतात.

या वाटांवरून गेलेल्यांनी, विशेषतः जे पहिल्या प्रयत्नात अडखळले त्यांनी, सविस्तर लिहावे ही विनंती.

सांजवात

उंबरठाताई, चटका बसलेल्यांपैकी आम्ही एक, म्हणून सर्वांत आधी लिहिते.

माझ्या मुलीचे गुण चांगले होते, एमकॅटला ५१४ होते आणि रुग्णालयात दोन वर्षे स्वयंसेवकाचे कामही झाले होते. तिने अर्ज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरला आणि आम्ही निश्चिंत झालो. शाळेत असताना तिने एका कम्युनिटी कॉलेजात कलेचा एकच विषय घेतला होता, आणि त्या कॉलेजचे गुणपत्रक मागवायचे राहून गेले होते. ॲमकासची पडताळणी सर्व संस्थांची अधिकृत गुणपत्रके पोचल्याशिवाय सुरूच होत नाही, मग तो विषय एक असो वा चित्रकलेचा असो. आमच्या हे लक्षात येईपर्यंत जुलै उलटला, पडताळणीच्या रांगेत आणखी काही आठवडे गेले, आणि मेडिकल स्कूल्सच्या हाती तिचा अर्ज पोचला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. वेळेवर भरलेल्यांचे अर्ज जूनअखेरीसच पोचलेले असतात. त्या वर्षी तिला मुलाखतीचे एकच बोलावणे आले आणि प्रतीक्षायादीपलीकडे काही झाले नाही.

दुसऱ्या वर्षी तिने दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे मेमध्ये अर्ज उघडताच गुणपत्रके मागवली. दुसरी म्हणजे दुय्यम निबंध आधीच लिहून ठेवले. मुख्य अर्ज पोचल्यावर प्रत्येक स्कूल स्वतःचे वेगळे प्रश्न पाठवते, तिने वीस स्कूल्स निवडली होती, आणि जुलैच्या एकाच पंधरवड्यात साठेक निबंधांचा डोंगर तिच्यापुढे उभा राहिला होता. हे प्रश्न वर्षानुवर्षे फारसे बदलत नाहीत. तुमच्या अपयशाचा प्रसंग, आमचेच स्कूल का, तुम्ही आमच्या वर्गात काय भर घालाल, यांचे मसुदे वसंतातच तयार असतील तर उत्तरे दोन आठवड्यांच्या आत जाऊ शकतात.

आणखी एक निरीक्षण नोंदवते. अर्जात पंधरा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकासाठी ७०० अक्षरे मिळतात, आणि त्यांतील तिघांना 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून १३२५ अक्षरे अधिक मिळतात. पहिल्या वर्षी तिने पंधराच्या पंधरा जागा भरल्या होत्या, अगदी एका दिवसाच्या रक्तदान शिबिरासह. दुसऱ्या वर्षी दहाच ठेवल्या, आणि मुलाखतींमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच नोंदीवर बोलणे झाले: वृद्धाश्रमात ती दर रविवारी जेवण भरवायला जात असे, ती नोंद. त्या वर्षी तिला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला.

नवखा_प्रवासी

धागा फार उपयुक्त आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या बहिणीने अमेरिकेबाहेर एमबीबीएस पूर्ण केले आहे. तिने एमकॅट देऊन पुन्हा एमडीला अर्ज करावा का? घरात यावर दोन तट पडले आहेत. तसेच, ग्रीन कार्ड नसलेल्यांना एमडीला प्रवेश मिळतो का?

उंबरठा

नवखा_प्रवासी, तुमच्या बहिणीने एमकॅटच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेतील एमडी ही पहिली वैद्यकीय पदवी आहे, आणि ती पदवी त्यांच्याकडे दुसऱ्या नावाने आधीच आहे. त्यांचा मार्ग यूएसएमएलईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या परवान्यासाठीच्या, परीक्षा, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना मिळणारे ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र आणि मग रेसिडेन्सीसाठीची (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठीची) मॅच, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालये यांची जुळवणी, असा आहे. मॅचचे अर्ज सप्टेंबरात जातात आणि निकाल मार्चमध्ये लागतो. नावांच्या या गोंधळात लोकांची वर्षे वाया जातात: इकडची एमडी आणि इतर अनेक देशांतील एमबीबीएसनंतरची एमडी, या एकाच नावाच्या दोन भिन्न पदव्या आहेत.

कायद्याच्या पदवीधरांबाबतही असाच प्रश्न येतो. परदेशात कायदा शिकलेल्यांसाठी एक वर्षाची एलएलएम ही नेहमीची वाट आहे, आणि न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये त्यानंतर विशिष्ट अटींवर वकिलीच्या परीक्षेला बसू देतात. मात्र अमेरिकेतच दीर्घकाळ वकिली करायची असेल, तर तीन वर्षांची जेडी करणारेही असतात.

ग्रीन कार्डाविषयी: अनेक मेडिकल स्कूल्स परदेशी नागरिकांचे अर्ज घेतच नाहीत, राज्यांची सार्वजनिक स्कूल्स आपल्या राज्यातील रहिवाशांना झुकते माप देतात, आणि जी खासगी स्कूल्स अर्ज घेतात त्यांपैकी काही जण एक किंवा अधिक वर्षांचे शुल्क आगाऊ एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाकडे राखून ठेवलेल्या खात्यात, ठेवायला सांगतात. अर्ज करण्याआधी प्रत्येक स्कूलचे धोरण वाचणे अपरिहार्य आहे. लॉ आणि बिझनेस स्कूल्समध्ये ही अडचण प्रवेशाच्या टप्प्यावर जवळजवळ नसते. ती पुढे कर्ज आणि नोकरीच्या वेळी येते.

पैलतीर

मी सध्या जेडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उंबरठाताईंचे गोठलेल्या जीपीएविषयीचे म्हणणे खरे आहे, पण त्यातून वाचकांचा असा समज होऊ नये की लॉ स्कूल म्हणजे दोन आकड्यांची बेरीज. माझा जीपीए ३.२ होता आणि एलसॅट १७२. अशा विषम जोडीला येथे 'स्प्लिटर' म्हणतात. आकड्यांवरच सर्व ठरत असते, तर माझ्यासारख्या सगळ्यांचे निकाल सारखे आले असते. प्रत्यक्षात मला जेथे नकार येईल असे वाटत होते तेथे प्रवेश मिळाला, आणि जेथे खात्री होती तेथून प्रतीक्षायादीचे पत्र आले.

स्कूल्सची गणिते समजून घ्यायची असतील, तर अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार प्रत्येक स्कूलला दर वर्षी प्रसिद्ध करावा लागणारा '५०९' अहवाल वाचावा. त्यात प्रवेश घेतलेल्यांच्या जीपीए आणि एलसॅटचे मध्यक (बरोबर मधले आकडे) असतात, पंचविसावे आणि पंचाहत्तरावे शतमक (ज्यांच्या खाली अनुक्रमे २५ आणि ७५ टक्के विद्यार्थी येतात ते आकडे) असतात, किती जणांना किती शिष्यवृत्ती मिळाली ते असते, आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा एक तक्ताही असतो: सशर्त शिष्यवृत्ती किती जणांना दिली आणि त्यांतील किती जणांची ती पहिल्या वर्षानंतर काढून घेतली. लॉ स्कूलमध्ये गुण वर्गातील इतरांच्या तुलनेत ठरतात, त्यामुळे 'अमुक जीपीए टिकवल्यास शिष्यवृत्ती चालू राहील' ही अट ऐकायला सोपी वाटली तरी प्रत्येकाला ती पूर्ण करता येईलच असे नाही. माझ्या एका वर्गमित्राने हा तक्ता पाहिला नव्हता, आणि दुसऱ्या वर्षी त्याला पूर्ण शुल्क भरावे लागले.

एलसॅटची तयारी करणाऱ्यांसाठी एक सूचना. ऑगस्ट २०२४ पासून 'लॉजिक गेम्स' म्हणून ओळखला जाणारा, कोण कुठे बसेल अशा कोड्यांचा विभाग परीक्षेतून गेला आहे. आता गुण मिळणारे तीन विभाग असतात, दोन तार्किक युक्तिवादाचे आणि एक आकलनाचा, शिवाय गुण न धरला जाणारा एक चाचणी विभाग. मोठ्या भावंडांची जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी त्यांतील खेळांची प्रकरणे खुशाल सोडून द्यावीत. मी ते खेळ सोडवण्यात चार महिने घालवले होते, आणि आजही मला सात पाहुण्यांना गोल टेबलाभोवती बसवता येते; त्याचा दुसरा उपयोग अजून सापडलेला नाही.

निबंधाबाबत माझे मत असे की त्याने हरलेला डाव जिंकता येत नसला तरी जिंकत आलेला डाव हरता येतो. न्यायाविषयीच्या तळमळीने सुरू होणारा निबंध वाचून कंटाळलेल्या माणसापुढे तुमचा निबंध जाणार आहे. माझा जीपीए घसरण्याचे कारण मी निबंधात आणले नाही. वेगळ्या पुरवणीत चार वाक्यांत लिहिले. वडिलांचे आजारपण, त्या दोन सत्रांतील नोकरीचे तास, त्यानंतरचे गुण, आणि विषय संपला. चारित्र्यविषयक प्रश्नांची उत्तरे देताना वसतिगृहातली शिस्तभंगाची जुनी नोटीससुद्धा विचारल्यास लपवू नये, कारण तीन वर्षांनी वकिलीची सनद मागताना बार, म्हणजे सनद देणारी वकिलांची संस्था, तेच प्रश्न पुन्हा विचारते, आणि तेथे मूळ चुकीपेक्षा लपवाछपवी अधिक महागात पडते.

उंबरठा

पैलतीर, तुमची दुरुस्ती मान्य आहे. तरीही मी एवढे म्हणेन की तुमच्या १७२ नी तुमच्या चार वाक्यांना वाचक मिळवून दिला.

वाटसरू_सात

मी एमबीएच्या बाजूने लिहितो. पहिल्या वर्षी पाच स्कूल्सना अर्ज केले आणि पाचही ठिकाणी नकार आला. दुसऱ्या वर्षी त्यांतील दोघांनी घेतले. मधल्या काळात माझे जीमॅटचे गुण एकानेही वाढलेले नव्हते, हे आधी सांगतो.

गुणांविषयी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचे नवे स्वरूप आले. ४५ मिनिटांचे तीन विभाग असतात आणि एकूण गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात. जुन्या परीक्षेतील ७०० आणि नव्या परीक्षेतील ७०५ यांची तुलना होऊ शकत नाही. शतमकाच्या हिशेबाने जुने ७०० म्हणजे नवे साधारण ६४५. कार्यालयातील वरिष्ठांनी 'आमच्या वेळी ७३० होते' असे सांगितल्यावर खचून जाणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. बहुतेक स्कूल्स जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सर्वसाधारण परीक्षाही स्वीकारतात, त्यामुळे दोन्हींचा एकेक सराव पेपर सोडवून मग निवड करावी.

माझा पहिला अर्ज शिफारसपत्रांवर पडला, असे मला आज वाटते. मी कंपनीच्या उपाध्यक्षांचे पत्र घेतले, कारण त्यांचे पद मोठे होते. त्यांनी मला वर्षभरात चारदा पाहिले असेल. 'तूच लिही, मी सही करतो,' असे ते म्हणाले, आणि मीही ते लिहिले. हे नियमांविरुद्ध आहेच, शिवाय ते लपतही नाही, कारण निबंध आणि पत्र दोन्हींतून एकच आवाज ऐकू येतो. अनेक बिझनेस स्कूल्स शिफारस करणाऱ्याला एक ठरावीक प्रश्न विचारतात: तुम्ही या उमेदवाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती आणि त्याने तिला कसा प्रतिसाद दिला? या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्याबरोबर रोज काम केलेला माणूसच देऊ शकतो. दुसऱ्या वर्षी मी माझ्या थेट वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी काय लिहिले ते मला ठाऊक नाही. पण मुलाखतीत मला विचारण्यात आले की पूर्वी तुम्ही बैठकीत लोकांना मध्येच तोडत असत, तर आता काय करता. त्यावरून काय लिहिले असेल ते समजले.

दुसरा बदल निबंधात झाला. पहिल्या वेळी मी 'सल्लागार व्हायचे आहे' असे लिहिले होते, कारण तसे लिहायचे असते असे ऐकले होते. दुसऱ्या वेळी शीतगृहांच्या साखळीतील ज्या कामात मी पाच वर्षे काढली होती, त्यातलाच एक न सुटलेला प्रश्न मांडला आणि तो सोडवण्यासाठी मला नेमके काय येत नाही ते लिहिले. स्टॅनफर्ड अनेक वर्षे विचारत आलेला प्रश्न, तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते आणि का, वाचायला सोपा आहे. त्यातला 'का' लिहिताना माझे तीन आठवडे गेले.

हिशेबनीस

पैशांविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने संघीय विद्यार्थी कर्जाचे चित्र बदलले आहे. आतापर्यंत 'ग्रॅड प्लस' या योजनेतून पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणाचा उरलेला जवळजवळ सर्व खर्च कर्जाऊ मिळत असे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ती योजना बंद होते. व्यावसायिक पदव्यांसाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर ही मर्यादा येते. इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर. वैद्यक आणि कायदा पहिल्या गटात येतात, एमबीए दुसऱ्या गटात. अनेक खासगी मेडिकल स्कूल्समध्ये शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून वर्षाला ५०,००० च्या बराच वर जातो, त्यामुळे वरची रक्कम खासगी कर्जातून, शिष्यवृत्तीतून किंवा घरातून उभी करावी लागेल. संघीय कर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या पात्र रहिवाशांनाच मिळते. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना या मर्यादांचा उपयोगही नाही आणि त्रासही नाही, त्यांना सुरुवातीपासूनच दुसरी सोय पाहावी लागते.

काही मेडिकल स्कूल्समध्ये शुल्कच नाही, हेही ध्यानात ठेवावे. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये सर्व एमडी विद्यार्थ्यांचे शुल्क रद्द केले. अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनला २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी एक अब्ज डॉलर दिल्यानंतर तेथेही शिक्षण निःशुल्क झाले. जॉन्स हॉपकिन्समध्ये तीन लाख डॉलरांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांतील एमडी विद्यार्थ्यांना शुल्क माफ आहे. अर्थात अशा ठिकाणी अर्जांची रीघही तशीच असते, म्हणून त्यांच्या भरवशावर यादी बनवू नये.

लॉ स्कूलबाबत पैलतीर यांच्या लिखाणात एक भर घालतो. 'अर्ली डिसिजन'ने अर्ज केला, तर प्रवेश मिळाल्यावर तेथेच जाण्याचे बंधन असते. दुसऱ्या स्कूलचे पत्र दाखवून शिष्यवृत्ती वाढवून मागण्याची सोय त्यात संपते, आणि लॉ स्कूलमध्ये अशी विनंती करणे अगदी रूढ आहे.

नवखा_प्रवासी

उत्तराबद्दल आभारी आहे. घरातील एक तट शांत झाला. आता माझ्यासाठी विचारतो. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कायदा आणि व्यवसाय दोन्ही आवडतात. जेडी आणि एमबीए एकत्र करावे का? आणि निबंध लिहिण्यासाठी सल्लागार किंवा एआयची मदत घ्यावी का?

उंबरठा

संयुक्त जेडी-एमबीए बहुधा चार वर्षांचे असते, काही ठिकाणी तीन वर्षांचेही आहे, आणि पुष्कळ विद्यापीठांत दोन्ही स्कूल्सचा प्रवेश स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. तुमच्या बाबतीत मी विचारेन ते एवढेच: दुसऱ्या पदवीशिवाय होणार नाही असे कोणते काम तुम्हाला करायचे आहे? आज उत्तर नसेल, तर तेही स्वाभाविक आहे. आजच्या आज करण्यासारखी गोष्ट म्हणजे जीपीए सांभाळणे, कारण कायद्याच्या बाजूने तोच गोठणार आहे. व्यवसायाच्या बाजूने लागणारा अनुभव पदवीनंतरच येईल, त्याची आता घाई करून उपयोग नाही. काही बिझनेस स्कूल्स पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रवेश देऊन दोन किंवा अधिक वर्षे नोकरी करायला पाठवतात; हार्वर्डचा 'टू प्लस टू' त्यांपैकीच. शेवटच्या वर्षी त्याचा विचार करता येईल.

मदतीविषयी प्रत्येक स्कूलचे नियम वेगळे आहेत आणि अर्जावर सही करताना लिखाण स्वतःचे असल्याची हमी द्यावी लागते, त्यामुळे नियम वाचूनच पुढे जावे. माझ्या अनुभवात महागड्या सल्लागाराने घासून गुळगुळीत केलेला निबंध आणि यंत्राने लिहिलेला निबंध यांत फारसा फरक उरत नाही: दोन्हींतून माणूस हरवलेला असतो. शिवाय मुलाखतीत ते उघडे पडते. मेडिकल स्कूल्समध्ये अनेक ठिकाणी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेली बहुकेंद्री मुलाखत असते, ज्यात दर काही मिनिटांनी खोली बदलते, प्रसंग बदलतो आणि समोरची व्यक्तीही बदलते. तेथे पाठांतर चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३ च्या निकालानंतर प्रवेश देताना वंश हा निकष म्हणून वापरता येत नाही, पण आपल्या पार्श्वभूमीने आपल्या आयुष्यावर काय परिणाम केला, हे उमेदवाराने निबंधात लिहिण्यास त्या निकालाने मनाई केलेली नाही. स्थलांतरित घरांतील मुले हल्ली घाबरून तो भाग गाळतात. गाळण्याची गरज नाही, पण आजीच्या गोधडीवर दोन पाने खर्चून स्वतःविषयी एकच ओळ लिहिण्याचीही गरज नाही.

सांजवात

ताई, एक शेवटचा प्रश्न. माझ्या भाच्याला मेडिकलला दोन ठिकाणी प्रवेश आणि दोन ठिकाणी प्रतीक्षायादी, अशी स्थिती आहे. प्रतीक्षायादीवरच्या दोन्ही स्कूल्सना 'तुम्ही घेतलेत तर नक्की येईन' असे पत्र पाठवावे, असे त्याला कोणीतरी सुचवले आहे.

उंबरठा

असे पत्र एकाच स्कूलला पाठवावे. दोघांनाही तेच वचन देणे म्हणजे एकाशी खोटे बोलणे आहे, आणि वैद्यकाच्या क्षेत्रात प्रवेश समित्यांवरील माणसे एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या स्कूलला तुमच्याकडे येण्याची इच्छा कायम आहे असे सांगणारे आणि जानेवारीनंतर काय नवीन केले ते कळवणारे पत्र पाठवता येईल, त्यात वचन नसावे. हाती असलेल्या दोन प्रवेशांपैकी एकाची निवड त्याने ३० एप्रिलपर्यंत करून दुसरी जागा सोडायची आहे. तसे केल्याने प्रतीक्षायादीवरचा त्याचा हक्क जात नाही. मात्र शिक्षण सुरू होण्याच्या सुमारास एका ठिकाणी अंतिम बांधिलकीची नोंद केली, की उरलेल्या सर्व याद्यांमधून बाहेर पडावे लागते, म्हणून त्याच्या निवडलेल्या स्कूलने त्या नोंदीसाठी कोणती तारीख दिली आहे, ते त्याने आजच पाहून ठेवावे.